वानगी घेऊन प्रदर्शनाला: गावातल्या उत्पादक कंपनीने आणि बचत गटाने ओळखी कशा कराव्या, कशा टिकवाव्या

तूर डाळीचा फोटो मोबाइलवर पाठवला की खरेदीदार एकच प्रश्न विचारतो, "भाव काय?" तीच डाळ त्याच्या तळहातावर ठेवली की तो दोन दाणे अंगठ्याने घासतो, एक दाताखाली धरतो आणि मग विचारतो, "वाण कोणता? पॉलिशची की बिनपॉलिशची? महिन्याला किती निघेल?" भाव विचारला जातो तेव्हा तुम्ही पन्नास जणांच्या रांगेत असता. वाण विचारला गेला की सौद्याची सुरुवात झालेली असते. गाडीभाडं खर्चून प्रदर्शनाला जायचं ते या दुसऱ्या प्रश्नासाठी.

विदर्भातला शेतमालाचा धंदा असाच वाढला. कारंजा लाडचा कापूस बाजार १८८६ मध्ये नियमाखाली आला, १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला. घेणारा, विकणारा आणि माल तिन्ही एका जागी असावेत, हाच त्या बाजाराचा पाया. पुढे अमरावती जिल्ह्यातल्या पापळचे डॉ. पंजाबराव देशमुख केंद्रात कृषिमंत्री असताना १९५९-६० मध्ये दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरलं, तेही त्यांनीच उभ्या केलेल्या भारत कृषक समाजाच्या पुढाकाराने. कास्तकाराने माल, यंत्र आणि माणूस समोरासमोर पाहावा, यावर त्यांचा विश्वास होता.

पुढचं सगळं शेतकरी उत्पादक कंपनीचे संचालक, डाळ मिल किंवा हळद-मिरची कांडप चालवणारे आणि बचत गटातल्या ताई यांना धरून लिहिलं आहे. एका फेरीचं उद्दिष्ट मोजून ठेवा: कामाची पाच माणसं, त्यांच्या हातात खरी वानगी (मालाचा नमुना), आणि परतल्यावर ४८ तासांत त्यांच्याशी पुन्हा बोलणं. पिशवीभर पत्रकं आणि पन्नास कार्डं घेऊन आलेला माणूस आठवड्याने त्यातलं एकही नाव चेहऱ्याशी जोडू शकत नाही.

कोणत्या कार्यक्रमाला, कोणत्या दिवशी

नागपूरचं ॲग्रोव्हिजन साधारण नोव्हेंबर-डिसेंबरात असतं. अकोल्याला पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचं प्रदर्शन त्यांच्या जयंतीच्या, म्हणजे २७ डिसेंबरच्या सुमारास भरतं आणि विद्यापीठाची शिवार फेरी सप्टेंबर-ऑक्टोबरात होते. जिल्ह्याजिल्ह्यात आत्मा या कृषी विस्तार यंत्रणेचे कृषी महोत्सव होतात. राज्याचा स्मार्ट कृषी प्रकल्प आणि पणन मंडळ खरेदीदार-विक्रेता संमेलनं घेतात. तारखा दरवर्षी सरकतात, म्हणून आत्माच्या तालुका तंत्रज्ञान व्यवस्थापकाकडे दोन महिने आधी विचारून ठेवा.

प्रत्येक ठिकाणचं काम वेगळं आहे. शिवार फेरीत शास्त्रज्ञ भेटतात आणि वाण उभ्या पिकात बघायला मिळतो. मोठ्या प्रदर्शनात यंत्रवाले, पॅकिंगवाले, बँका आणि इतर जिल्ह्यांतल्या उत्पादक कंपन्या भेटतात. माल विकायचा असेल तर खरेदीदार-विक्रेता संमेलन सगळ्यात वरचं. तिथे टेबलापलीकडे बसलेला माणूस खरेदीसाठीच आलेला असतो. वर्षाला एकच फेरी परवडत असेल तर या संमेलनाला जा, मोठं प्रदर्शन पुढच्या वर्षी.

मोठ्या प्रदर्शनाचा पहिला दिवस उद्घाटनाचा असतो. मंत्री येतात, बंदोबस्त असतो, स्टॉलवरच्या माणसाचं लक्ष दरवाज्याकडे असतं. शनिवार-रविवारी बसा भरभरून गर्दी येते आणि दोन मिनिटंही बोलता येत नाही. शेवटच्या दिवशी जेवणानंतर खोकी बांधायला सुरुवात होते. सुट्टीचा नसलेला दुसरा किंवा तिसरा दिवस धरा आणि सकाळी १०.३० ते १ या वेळात खरं काम उरका. एसटीने जाणाऱ्या ताईंना अर्ध्या तिकिटाची सवलत आहे, तेव्हा बचत गटाने एकीला न पाठवता दोघींना पाठवावं.

हंगामाचं गणित आधी घाला. नोव्हेंबरात सोयाबीन घरात आलेलं असतं, पण तूर अजून वावरात उभी असते आणि हळद तर फेब्रुवारी-मार्चला निघते. नोव्हेंबरच्या प्रदर्शनात हळद दाखवत असाल तर ती मागच्या हंगामाची आहे हे पाकिटावर लिहा आणि तोंडानेही सांगा. जुनी हळद नवी म्हणून खपवली की ते खरेदीदाराला बोटाने मोडताक्षणी कळतं आणि तुमच्या पुढच्या प्रत्येक वाक्यावरचा त्याचा भरवसा उडतो.

वानगी कशी काढायची

याच टप्प्यावर सगळ्यात जास्त सौदे बिघडतात. घरची मंडळी हौसेने उत्तम दाणे निवडून पाकीट भरतात. खरेदीदाराला ते आवडतं, ट्रक भरून जातो, आणि मिलच्या गेटवर परखी (पोत्यातून नमुना काढायची टोकदार नळी) मारल्यावर पोत्यातला माल पाकिटाशी जुळत नाही. मग कडता (कपात) लागतो किंवा अख्खा ट्रक परत येतो. जाण्या-येण्याचं भाडं, हमाली आणि फुटलेला बारदाना सगळं अंगावर. वानगी सरासरी मालाची काढायची, सुंदर मालाची नाही.

समजा गोदामात वीस पोत्यांचा लॉट आहे. प्रत्येक पोत्यातून परखीने वरून, मधून आणि खालून मिळून २०० ग्रॅम काढा. चार किलो होतील. स्वच्छ ताडपत्रीवर ते नीट मिसळा, ढीग सपाट करा, पट्टीने चार भाग पाडा आणि समोरासमोरचे दोन भाग उचला. हे दोन किलो म्हणजे तुमचा लॉट. त्यातले ५०० ग्रॅम प्रयोगशाळेसाठी, ५०० ग्रॅम घरी सीलबंद, आणि उरलेल्या किलोची २०० ग्रॅमची पाच पाकिटं. लॉट मोठा असेल तर थप्पीच्या वेगवेगळ्या बाजूंची निदान वीस पोती निवडा. पुढच्या चार पोत्यांत परखी मारून मोकळं होऊ नका, कारण भिंतीला टेकलेल्या आणि जमिनीवरच्या थरातल्या पोत्यांतच ओल धरलेली असते.

घरी ठेवलेलं सीलबंद पाकीट म्हणजे तुमचा पुरावा. लॉट क्रमांक, तारीख आणि दोन संचालकांच्या सह्या असलेली चिठ्ठी सीलवर चिकटवा. पुढे मालावरून वाद झाला तर तेच पाकीट टेबलावर येतं.

ओलावा पाकीट भरण्याच्या दिवशीच मोजा. सोयाबीन १२ टक्क्यांच्या आत हवं, हळद १० टक्क्यांच्या आसपास. ओलावामापक नसेल तर जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा बाजार समितीत मोजून घ्या. खरेदीदार तरीही स्वतः तपासेलच. सोयाबीनचा दाणा तो दाताखाली धरतो. वाळलेला कट्कन दोन फाकांत फुटतो, ओला दबून चेपतो. हळकुंड तो दोन्ही हातांनी मोडतो. नीट शिजलेलं, नीट वाळलेलं हळकुंड खणकन मोडतं आणि आतला गाभा कडेपर्यंत एकसारखा केशरी दिसतो. मध्ये फिकट चकती दिसली तर तो समजतो की शिजवताना कच्चं राहिलं. ही परीक्षा घरी आधी दहा हळकुंडांवर करून बघा. दहातली तीन अशी निघाली तर तो लॉट नेऊ नका.

पाकीट जाड, पारदर्शक आणि झिपचं घ्या. स्टेपलर मारू नका. पिन खाण्याच्या मालात पडते आणि भोकातून हवा जाऊन ओलावा बदलतो. लेबल बाहेरून लावा, कारण हळदीच्या पाकिटात आत टाकलेली चिठ्ठी दोन दिवसांत वाचता येत नाही. लेबलवर कंपनीचं नाव, गाव-तालुका, माल आणि वाण, लॉट क्रमांक, काढणीचा महिना, ओलावा, पाकीट भरल्याची तारीख आणि एकच मोबाइल नंबर लिहा. दोन नंबर दिले तर खरेदीदार चुकीच्या संचालकाला फोन करतो आणि तो वेगळाच भाव सांगून बसतो.

हळदीचं हळकुंड आणि पूड दोन्ही न्या. नुसती पूड दिली तर भेसळीची शंका येते. संत्र्याची वानगी म्हणजे लहान, मध्यम आणि मोठ्या आकाराची प्रत्येकी बारा फळं, देठ कात्रीने कापलेली, ओढून तोडलेली नाहीत. देठाजवळ साल फाटली की प्रवासातच फळ सडायला लागतं. एका क्रेटमध्ये कोणत्या आकाराचे किती नग बसतात हे मोजून ठेवा, तो प्रश्न हमखास येतो.

वायगाव हळद, भिवापूर मिरची, नागपूर संत्रं, भंडाऱ्याचा चिन्नोर तांदूळ ही भौगोलिक मानांकन मिळालेली नावं आहेत. अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी असेल तरच पाकिटावर ती लिहा. नोंदणी नसेल तर गाव आणि तालुका लिहा, तेवढं पुरतं.

कागद एकच पान, आकडे पाठ

चार रंगांचं माहितीपत्रक छापण्यात पैसे घालवू नका. साध्या कागदाचं एक पान पुरे. त्यावर काय माल, कोणत्या महिन्यात किती क्विंटल, किमान किती उचल, पोती किती किलोची, गोदाम कुठे, परवाने कोणते. अन्नपरवान्याचा १४ अंकी क्रमांक आणि जीएसटीचा १५ अक्षरांचा क्रमांक पुन्हा पुन्हा तपासून लिहा, एक अंक चुकला तरी खरेदीदाराच्या संगणकात तुमची नोंद होत नाही.

याच पानावर एक ओळ रस्त्याची हवी. गोदामापर्यंत दहा चाकी ट्रक येतो का? बारमाही येतो का? काळ्या मातीच्या पांदण रस्त्यावर पावसाळ्यात भरलेला ट्रक रुतला की उचल दोन दिवस लांबते आणि वाहतूकदार खोळंब्याचे पैसे लावतो. रस्ता नसेल तर तसं लिहा आणि डांबरी सडकेपर्यंत ट्रॅक्टरने माल आणून द्यायची तयारी त्याच ओळीत दाखवा. खरेदीदार कच्च्या रस्त्याला नाकारत नाही, आयत्या वेळी कळलेल्या कच्च्या रस्त्यावर चिडतो.

मालाचं प्रमाणही गाडीच्या मापात सांगा. छोटा हत्ती पाऊण टनाचा, पिकअप साधारण दीड टनाची, दहा चाकी ट्रक सोळा-अठरा टनांचा. "थोडाफार माल आहे" म्हणण्याऐवजी "डिसेंबर ते मार्च दर पंधरवड्याला एक पिकअप" म्हटलं की समोरचा लगेच हिशेब मांडू शकतो.

भावाचा तळ घरीच काढा. समजा तूर ७,५०० रुपये क्विंटल पडली. दळणावळीचे आणि मजुरीचे ५०० धरले, चुरी-कोंड्याचे ५०० परत आले, म्हणजे खर्च ७,५००. क्विंटलमागे ७० किलो डाळ निघाली तर किलोला १०७ रुपये १४ पैसे. पॅकिंग ३ रुपये, भाडं २, महिनाभराच्या उधारीचं व्याज १ आणि घट-तूट १ मिळवली की ११४ च्या वर जातं. ११५ च्या खाली सौदा नाही, हा आकडा डायरीच्या शेवटच्या पानावर लिहा आणि सोबतच्या माणसालाही सांगून ठेवा. हिशेब न करता गेलेला माणूस स्टॉलवरच्या कौतुकाने फुगून दोन रुपये खाली येतो, आणि अठरा टनांवर ते दोन रुपये ३६,००० होतात. भाव सांगताना "जागेवर" (आपल्या गोदामात) की "पोहोच" (त्याच्या दारात) हे प्रत्येक वेळी बोला. अर्धे वाद या एका शब्दाचे असतात.

प्रत्यक्ष दिवस

दोघांनी जा. एकाने बोलायचं, दुसऱ्याने लिहायचं. बचत गटाच्या बाबतीत जी ताई स्वतः पापड लाटते, मिरची कुटते, तिनेच बोलावं. किती मीठ, किती ऊन, किती दिवस टिकतं या प्रश्नांना तिच्याकडून थेट उत्तर येतं. सोबतच्या भाऊंनी तिचं वाक्य मध्येच तोडू नये.

आत शिरल्यावर आधी स्टॉलचा नकाशा घ्या आणि ठरवलेल्या नावांवर खुणा करा. लांबच्या टोकापासून सुरुवात करा. सगळी गर्दी दरवाज्याजवळ अडकते, शेवटची रांग सकाळी मोकळी असते.

बहुतेक जण एक गोष्ट विसरतात. स्टॉलवर उभा असलेला पोरगा विक्रीचा असतो, खरेदीचा नाही. त्याला अर्धा तास माल समजावून वानगी देऊन आलात तर ती वानगी संध्याकाळी टेबलाखालीच राहते. पहिला प्रश्न असा टाका:

"नमस्कार भाऊ. आम्ही समुद्रपूर तालुक्यातून आलो, शेतकरी उत्पादक कंपनी आहे, हळदीचं काम आहे, हंगामात वीस टन. तुमच्याकडे कच्च्या मालाची खरेदी कोण बघतं? ते आज येणार आहेत का?"

वीस सेकंदांत हे सगळं झालं पाहिजे. गाव, संस्था, माल, प्रमाण, आणि भेटायचा माणूस. खरेदीचे साहेब दुपारी येणार असतील तर वेळ विचारून परत या. ते येणारच नसतील तर त्यांचं नाव आणि नंबर घ्या, वानगी स्वतःजवळ ठेवा. नागपुरात बरेच व्यापारी हिंदीतच बोलतात, म्हणून हेच वाक्य हिंदीतही दोन-चारदा म्हणून बघा.

खरेदीचा माणूस भेटला की पाकीट लगेच पुढे करू नका. मांडवाचं कापड पिवळं-लाल असलं की त्याखाली हळद जास्त गडद आणि डाळ पिवळीधमक दिसते. चांगला खरेदीदार हे ओळखतो आणि शंका धरतो. "साहेब, उजेडात बघता का?" म्हणत दोन पावलं बाहेर या. पांढऱ्या कागदावर किंवा स्टीलच्या ताटलीत मूठभर माल ओता आणि गप्प राहा. त्याला बघू द्या, मोडू द्या, हुंगू द्या. याच मिनिटात घाबरून बोलत सुटणारे नको ती कबुली देऊन बसतात.

मग तुम्ही विचारायचं. कोणती प्रत लागते? महिन्याला किती? पोती कोणती, किती किलोची? ओलावा जास्त निघाला तर किती कडता? माल नाकारला तर परतीचं भाडं कोणाचं? वजन कोणाच्या काट्यावर धरणार? पैसे किती दिवसांत? सोबतच्याने उत्तरं त्याच शब्दांत टिपावीत. पैशांचा प्रश्न विचारायला संकोच वाटतो, पण धंद्यातल्या माणसाला त्याचा राग येत नाही. जो पैशांच्या प्रश्नावर हसून विषय बदलतो, त्याच्या नावापुढे खूण करून ठेवा.

जास्त माल कबूल करू नका. "शंभर टन देता का?" असं विचारलं आणि तुमच्याकडे वीस असतील तर वीसच सांगा. शंभर म्हणून बाजारातून माल गोळा केलात तर वाण मिसळतो, आणि त्याने ज्या हळकुंडासाठी तुम्हाला निवडलं तेच त्याला मिळत नाही.

सात-आठ मिनिटांत बोलणं आवरा. निघताना कार्डाच्या मागे तारीख, स्टॉल क्रमांक आणि एक खूण लिहा. "चष्मा, रायपूरला मिल, बिनपॉलिश हवी" एवढंही पुरतं. पुढच्या स्टॉलवर जाण्याआधी लिहा. चार भेटींनंतर चेहरे एकमेकांत मिसळतात.

चर्चासत्राला बसणार असाल तर कडेची खुर्ची धरा, म्हणजे वक्ता उतरताच त्याच्याजवळ पोहोचता येतं. प्रश्न विचारताना पीक, एकर, जमीन आणि लक्षण एका दमात सांगा. "संत्र्याचे दोनशे झाड, भारी जमीन, आंबिया बहार, जूनमध्ये फळगळ" असं म्हटलं की उत्तरही नेमकं मिळतं. रोगाचं पान दाखवायचं असेल तर वर्तमानपत्रात गुंडाळून न्या, प्लास्टिकच्या पिशवीत घाम येऊन ते काळं पडतं. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे आणि लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ अशा कार्यक्रमांत भेटतात. त्यांना नंबर मागण्यापेक्षा "संस्थेत कोणत्या वारी आलं तर भेट होईल?" असं विचारा. लवकर होकार मिळतो.

जेवणाच्या रांगेतली माणसं

सगळी नजर मोठ्या खरेदीदारांवर असते आणि शेजारी झुणका-भाकर खात उभा असलेला दुसऱ्या तालुक्यातला संचालक दिसत नाही. ही चूक फार महागात पडते. तुमच्याकडे आठ टन हळद आहे, त्याच्याकडे दहा टन. दोघांना वेगवेगळं भाडं भरून पिकअप पाठवाव्या लागतात. एकत्र आलात तर एक दहा चाकी ट्रक भरतो आणि किलोमागचं भाडं निम्म्याच्या आसपास येऊ शकतं. कोणता व्यापारी पैसे वेळेवर देतो, कोणत्या पॅकिंग मशीनचा सुटा भाग तीन महिने मिळत नाही, बँकेचा कोणता अधिकारी फाइल पुढे सरकवतो, हे कोणत्याही पत्रकात छापलेलं नसतं. ते असा माणूसच सांगतो.

त्यामुळे रोजची निदान दोन माणसं तुमच्याच धंद्यातली, वेगळ्या तालुक्यातली जोडा. त्यांना माल विकायला जाऊ नका. आधी आपल्याकडची एखादी उपयोगी माहिती द्या, मग विचारा. मशीन घ्यायची असेल तर स्टॉलवरच्या विक्रेत्याला एकच गोष्ट मागा: आपल्या जिल्ह्यात हीच मशीन दोन वर्षं चालवत असलेल्या तीन गिऱ्हाइकांची गावं. तीन गावं सांगता येत नसतील तर आगाऊ रक्कम भरू नका. "आजच बुक केलं तर सूट" ही सूट प्रदर्शन संपल्यावरही बहुतेक वेळा मिळते.

स्वतःचा स्टॉल पहिल्या वर्षी घेऊ नये, हे आमचं ठाम मत. एक वर्ष फिरून बघा, कोणत्या रांगेत कोण थांबतं ते कळू द्या. शासनाच्या दालनात उत्पादक कंपन्यांना आणि गटांना कधी कधी सवलतीत जागा मिळते, त्यासाठी आत्मा आणि बचत गटांच्या उमेद अभियानाच्या कार्यालयात अर्ज करून ठेवा.

परतल्यावर

त्याच रात्री, गाडीतच, सगळे नंबर मोबाइलमध्ये साठवा. नुसतं "अग्रवालजी" किंवा "पाटील साहेब" लिहिलं तर महिन्याने तसे सहा निघतात. नाव, गाव, माल, कार्यक्रम अशा क्रमाने लिहा.

४८ तासांच्या आत निरोप पाठवा. सणाच्या शुभेच्छांची चित्रं नकोत, असा साधा मजकूर हवा:

"नमस्कार साहेब. मंगळवारी प्रदर्शनात भेट झाली, हळकुंडाची वानगी दिली होती, लॉट ७. आपण २५ किलोच्या पोत्यांत पाच क्विंटलचा नमुना माल मागितला होता. तो शुक्रवारपर्यंत तयार होतो. प्रयोगशाळेचा अहवाल सोबत जोडला आहे. भाव जागेवरचा कळवतो."

जे बोललात तेच लिहिलं की तोंडी बोलण्याला कागद मिळतो. सातव्या दिवशी फोन करा, सकाळी अकरा ते साडेबाराच्या मध्ये. त्याआधी व्यापारी भावांच्या फोनांत गुंतलेला असतो. उत्तर नाही आलं तर पंधराव्या दिवशी आणखी एकदा. त्यानंतर दर महिन्याला फक्त मालाची स्थिती कळवा: पीक कसं आहे, किती येईल, केव्हा येईल. खरेदी त्याच्या गरजेने होते. गरज लागेल त्या दिवशी त्याला तुमचं नाव आठवलं पाहिजे.

पहिला सौदा लहान ठेवा, दोन ते पाच क्विंटल. रक्कम जमा झाल्यावरच पुढचा. फसवणुकीची एक ठरलेली रीत आहे. पहिला माल रोखीने उचलतात, दुसरा चेकने, चेक वटतो. तिसऱ्या वेळी दोन ट्रक उधारीवर भरतात आणि फोन बंद होतो. म्हणून किती रकमेपर्यंत उधारी द्यायची हे संचालक मंडळाच्या ठरावात लिहून ठेवा, आणि ओळख कितीही जुनी झाली तरी ती मर्यादा एकट्या अध्यक्षाने ओलांडू नये. खरेदीदाराचा जीएसटी क्रमांक संकेतस्थळावर टाकून नोंदणी चालू आहे का बघा. मोठ्या मालाआधी दोघांनी जाऊन त्याचं गोदाम प्रत्यक्ष पाहून या. पुरवठादार म्हणून नाव नोंदवायला आधी पैसे मागणाऱ्याला माल देऊ नका. तुमच्या डाळ मिलची किंवा कांडपाची उद्यम (सरकारी लघुउद्योग) नोंदणी असेल तर सूक्ष्म-लघु उद्योगांच्या २००६ च्या कायद्याखाली ४५ दिवसांच्या आत पैसे देणं खरेदीदारावर बंधनकारक आहे. बिलावर उद्यम क्रमांक छापा, म्हणजे वेळ आली तर तक्रार करता येते.

दोन-तीन सौदे सुरळीत झाले की खरेदीदाराला गावात बोलवा. हळद शिजवणीच्या दिवशी किंवा तुरीच्या मळणीत बोलवा, रिकाम्या गोदामात नको. हार-तुरे आणि भाषणं टाळा, त्याच्याकडे तीन तासच असतात. वावर, वाळवणीची ताडपत्री, काटा, ओलावामापक आणि लॉटची नोंदवही या क्रमाने दाखवा. ज्या कास्तकाराचा माल आहे त्याला स्वतः बोलू द्या. मग घरचं जेवण.

सीलबंद ठेवलेलं अर्ध्या किलोचं पाकीट मात्र त्या लॉटचे शेवटचे पैसे खात्यात येईपर्यंत कपाटात कुलूपबंद ठेवा. पैसे आल्याची तारीख नोंदवहीत लिहिली की मगच ते फोडा.